२०१७चा एमव्हीपी आणि एक उधार मिसळ

दर वर्षी एप्रिलचा दुसरा आठवडा आला की माझी झोप आणि काम दोन्हीचे बारा वाजतात. एनबीएचा ८२ सामन्यांचा मोसम संपत आलेला असतो, प्लेऑफ तोंडावर असतात, आणि मधल्या त्या चार-पाच दिवसांत बास्केटबॉल बघणारी सगळी जनता एकाच विषयावर तावातावाने भांडत असते. एमव्हीपी कुणाला? मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर, म्हणजे मोसमातला सर्वात मौल्यवान खेळाडू. सामने आपल्याकडे पहाटे पाच-सहाला सुरू होतात, त्यामुळे हे भांडण दात घासण्याआधीच चालू होतं आणि दहाच्या स्टँड-अप कॉलला मी कॅमेरा बंद ठेवून बसलेला असतो.

गंमत अशी आहे की "मौल्यवान" म्हणजे काय, हे लीगने कधी नीट लिहूनच ठेवलेलं नाही. सर्वोत्तम खेळाडू? सर्वोत्तम संघातला सर्वोत्तम खेळाडू? की ज्याला काढला तर संघ कोसळेल तो? मत देणाऱ्याने आपापलं ठरवायचं. आमच्याकडे अशी रिक्वायरमेंट आली असती तर मी सरळ क्लायंटकडे परत पाठवली असती. पण इथे शंभर पत्रकार आणि समालोचक बसून तिच्यावर मतदान करतात. पहिल्या नंबरला १० गुण, मग ७, ५, ३, १. बेरीज करा, झाला निकाल.

तर मुद्दा असा की मला आज २०१७बद्दल बोलायचं आहे. हो, इतकं जुनं. कारण त्या वर्षी मी हॉस्टेलवर थर्ड इयरला होतो, आणि त्या एका अवॉर्डवरून माझं आणि रूममेटचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै २०१६मध्ये केव्हिन ड्युरांट ओक्लाहोमा सिटी थंडर सोडून गोल्डन स्टेटला गेला. मागे उरला रसेल वेस्टब्रुक. एकटा. आणि त्या माणसाने पुढचा अख्खा मोसम असा काही खेळला की बस्स. सरासरी ३१.६ पॉइंट, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट. तिन्ही आकडे दहाच्या वर गेले की त्याला ट्रिपल-डबल म्हणतात. एखाद्या खेळाडूला एका सामन्यात हे जमलं तरी मथळा होतो. याची अख्ख्या मोसमाची सरासरीच ट्रिपल-डबल! असं त्याआधी फक्त एकदा झालं होतं, १९६१-६२मध्ये, ऑस्कर रॉबर्टसनने केलं होतं. रॉबर्टसनच्या त्या मोसमात ४१ ट्रिपल-डबल होते. वेस्टब्रुकने ४२ केले.

तो ४२वा आठवतो? ९ एप्रिल २०१७, डेन्व्हरविरुद्ध, डेन्व्हरच्याच घरी. ५० पॉइंट, १६ रिबाउंड, १० असिस्ट, आणि शेवटच्या क्षणी जवळपास ३६ फुटांवरून फेकलेला चेंडू थेट जाळ्यात. ओक्लाहोमा १०६, डेन्व्हर १०५. त्या एका फेकीने डेन्व्हरची प्लेऑफची आशा संपली. घरच्या मैदानावर, यजमान संघ हरलेला, आणि प्रेक्षक याच्या नावाने ओरडतायत. हॉस्टेलच्या वाय-फायवर तो व्हिडिओ मी किती वेळा बफर होऊ दिला असेल, मोजदाद नाही. यानंतर एमव्हीपी दुसऱ्या कुणाला द्यायचा हा प्रश्नच मला हास्यास्पद वाटत होता.

रूममेट मात्र जेम्स हार्डनच्या बाजूने. ह्यूस्टन रॉकेट्सचा हार्डन, तोच तो दाढीवाला. त्याची सरासरी २९.१ पॉइंट, ११.२ असिस्ट, ८.१ रिबाउंड. म्हणजे दोन रिबाउंड कमी पडले म्हणून ट्रिपल-डबल नाही. पण ह्यूस्टन आदल्या वर्षी ४१ जिंकून ४१ हरलेला संघ होता. नवा कोच माइक डी'अँटोनी आला, त्याने हार्डनच्या हातात चेंडू दिला आणि म्हणाला चालव गाडी. ह्यूस्टन ५५ सामने जिंकून पश्चिम विभागात तिसरा. वेस्टब्रुकचा ओक्लाहोमा ४७ जिंकून सहावा.

"आठ विजयांचा फरक आहे," रूममेट म्हणायचा. "तुझा हिरो आकडे जमवतोय, माझा सामने जिंकतोय."

मी म्हणायचो, "तुझ्या हिरोला नेमबाजांचा ताफा दिलाय. माझ्याला काय दिलंय?"

पैज लागली. हरणाऱ्याने मिसळ द्यायची, एक्स्ट्रा पावासकट.

२६ जून २०१७ला निकाल लागला. वेस्टब्रुक ८८८ गुण, पहिल्या नंबरची ६९ मतं. हार्डन ७५३, पहिल्या नंबरची २२. तिसरा सॅन अँटोनियोचा कवाय लेनर्ड, ज्याचा संघ ६१ सामने जिंकला होता आणि ज्याच्याबद्दल आम्ही दोघांनी वर्षभरात एक शब्द काढला नव्हता (बिचारा स्वतःही काढत नाही). रूममेटने मिसळ दिली. पण देताना म्हणाला, "मिसळ खा, पण एमव्हीपी हार्डनच होता." मी तर्री ओढत हसलो. जिंकलेल्या माणसाला काय जातंय हसायला!

आता कबुली. रूममेट बरोबर होता.

हे मला कळायला काही वर्षं लागली आणि त्यात बास्केटबॉलपेक्षा ऑफिसचा वाटा जास्त आहे. मागे एकदा आमच्या टीममधल्या वार्षिक अवॉर्डसाठी आम्हा तिघांना नावं सुचवायला सांगितलं होतं. एक जण होता, प्रॉडक्शनला काही झालं की रात्री दोनला उठून कॉलवर हजर. त्याचे मेल पहाटे साडेतीनला यायचे, आणि सगळ्यांना कॉपी असायचे. क्लायंट त्याला नावाने ओळखायचा. दुसरी एक मुलगी होती, तिच्याकडच्या मॉड्यूलमध्ये वर्षभर काहीच झालं नाही. काहीच. मी पहिल्याचं नाव लिहिलं, डोळे झाकून. त्यालाच मिळालं. नंतर एका रिकाम्या दुपारी जुनी तिकिटं चाळताना लक्षात आलं की त्याने विझवलेल्या आगींपैकी निम्म्या तरी त्याच्याच कोडमध्ये लागल्या होत्या. तोवर त्या मुलीने पेपर टाकला होता. पुढे तिच्या मॉड्यूलमध्ये पहिल्यांदा काहीतरी अडलं तेव्हा तिलाच फोन करावा लागला. तिने मदत केली, आणि ती काहीही लागेल असं बोलली नाही. ते जास्त लागलं.

असो. त्या संध्याकाळी घरी येऊन मी २०१७चे आकडे परत उघडले.

माझ्या बाजूचा हुकमी एक्का असा होता की वेस्टब्रुकने ट्रिपल-डबल केलेल्या ४२ सामन्यांपैकी ओक्लाहोमाने ३३ जिंकले, ९ हरले. उरलेल्या ४०पैकी फक्त १४ जिंकले. म्हणजे ट्रिपल-डबल झाला की विजय, हे सिद्ध! इंजिनिअरिंगला एम-थ्रीमध्ये केटी लागलेल्या माणसालासुद्धा यातली मेख दिसायला हवी होती. असिस्ट कधी मिळतो? पास दिल्यावर सहकाऱ्याने बास्केट केली तर. रिबाउंड कधी मिळतात? समोरच्याचे नेम चुकले तर. म्हणजे ज्या दिवशी आपले नेम लागतायत आणि त्यांचे चुकतायत त्या दिवशी दोन्ही आकडे आपोआप फुगणार, आणि त्याच दिवशी आपण जिंकणार. विजयामुळे ट्रिपल-डबल की ट्रिपल-डबलमुळे विजय, हे त्या ३३-९वरून ठरतच नाही. थोडं इकडचं, थोडं तिकडचं.

आणि रिबाउंड. समोरच्याने फ्री थ्रो चुकवला की स्टीव्हन ॲडम्ससारखे ओक्लाहोमाचे उंच गडी समोरच्यांना पाठीने ढकलून धरायचे आणि चेंडू वेस्टब्रुकसाठी सोडायचे. यात फसवणूक नव्हती, डाव होता: ज्याला चेंडू घेऊन पळायचं आहे त्यालाच तो थेट मिळाला तर वेळ वाचतो. चांगला डाव. पण मग त्या दहातले काही रिबाउंड ॲडम्सच्या खात्यावर लिहायला नकोत का? आकड्यांच्या तक्त्यात "ढकलून धरलं" असा रकानाच नसतो.

वेस्टब्रुकच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर मी आता उलट्या दिशेने आंधळा झालोय असं वाटेल. तो बाकावर बसला की ओक्लाहोमा खरंच कोसळायची. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ह्यूस्टन आणि ओक्लाहोमा समोरासमोर आले तेव्हा जगाने ते पाहिलं. तो दोन मिनिटं पाणी प्यायला बसायचा आणि आघाडी गायब. पण त्याच मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात त्याने ५१ पॉइंटचा ट्रिपल-डबल केला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये १८ वेळा नेम धरून फक्त ४ लागले. संघ हरला. ह्यूस्टनने मालिका ४-१ अशी खिशात घातली. (मतदान प्लेऑफच्या आधीच झालेलं असतं, त्यामुळे हा पुरावा कोर्टात चालणार नाही. पण मी काही कोर्ट नाही.)

एकच खेळाडू बसल्यावर संघ कोसळतो, यातून तो खेळाडू किती मोठा हे कळतं, की सगळं त्याच्याभोवती बांधून ठेवलंय हे कळतं? सॉफ्टवेअरमध्ये आपण याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो आणि त्याला अवॉर्ड देत नाही. हार्डनवर ओझं काही कमी नव्हतं. त्याने त्या मोसमात ४६४ वेळा चेंडू गमावला, तेव्हाचा विक्रमच तो. पण त्याच्या चेंडू वाटण्याने बाकीचे चार जण मोठे झाले आणि संघ १४ सामने जास्त जिंकला.

खरं सांगायचं तर ६९ जणांनी मत दिलं ते गोष्टीला. मित्र सोडून गेला, हा एकटा लढला, पन्नास वर्षांहून जुना विक्रम मोडला. कुणाचंही मन विरघळेल. माझंही विरघळलं. याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. २०१७-१८मध्ये वेस्टब्रुकने परत सरासरी ट्रिपल-डबल केला, २५.४, १०.१, १०.३. मतदानात पाचवा आला. एमव्हीपी हार्डन. त्यानंतर २०१८-१९मध्येही केला, २०२०-२१मध्येही केला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आकडा जवळपास तोच. नावीन्य संपलं आणि भाव उतरला.

हे काही नवीन नाही म्हणा. २००४-०५मध्ये स्टीव्ह नॅश फिनिक्सला आला आणि आदल्या वर्षी २९ सामने जिंकलेला संघ ६२ जिंकला. नॅशची सरासरी १५.५ पॉइंट. शकील ओ'नील मायामीला गेला, २२.९ पॉइंट, १०.४ रिबाउंड, ५९ विजय. नॅश १०६६ गुण, शॅक १०३२. केसाने गळा कापला म्हणतात तो हा. शॅकला आयुष्यात एकच एमव्हीपी मिळाला, २०००चा. पुढच्या वर्षी परत नॅश; आणि त्या मोसमात ३५.४च्या सरासरीने पॉइंट करणारा, एका रात्री टोरोंटोविरुद्ध ८१ ठोकणारा कोबी ब्रायंट मतदानात चौथा! कोबीलाही एकच मिळाला, २००८चा. नॅशला दोन. मी नॅशचा भक्त आहे, पण हे वाचून मलाही चहा गार करून घ्यावा लागतो.

आणि मायकेल जॉर्डन? पाच आहेत, पण १९९३ला बार्कलीला दिला आणि १९९७ला कार्ल मलोनला. दोन्ही वर्षी जॉर्डनने फायनलमध्ये नेमकं त्याच माणसाच्या संघाला हरवलं. लोकांना दर वर्षी तेच नाव लिहायचा कंटाळा येतो, इतकं साधं कारण आहे. पत्रकारांना शिव्या देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की १९८०पर्यंत मतदान खेळाडूच करायचे, आणि १९६२मध्ये त्यांनी सरासरी ५०.४ पॉइंट करणाऱ्या विल्ट चेंबरलेनला दुसरं आणि ट्रिपल-डबलवाल्या रॉबर्टसनला तिसरं ठेवून बिल रसेलला निवडलं. जिंकणाऱ्या संघाचा कणा तो होता म्हणून. मला तो निकाल आजही सर्वात शहाणा वाटतो.

बाकीच्या अवॉर्डबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. कोच ऑफ द इयर म्हणजे तर अपशकुन आहे. जॉर्ज कार्लला २०१३मध्ये मिळाला, महिन्याभरात नोकरी गेली. ड्वेन केसीला २०१८मध्ये टोरोंटोने आधी काढलं आणि मग अवॉर्ड जाहीर झाला. माइक ब्राउन २०२३मध्ये एकमताने निवडला गेला, डिसेंबर २०२४मध्ये घरी. आपल्याकडे निदान अवॉर्डनंतर वर्षभर तरी थांबतात :)

पण हे सगळं गमतीवारी नेता येत नाही, कारण यात आता पैसा शिरलाय. २०११च्या करारापासून आणि २०१७नंतर जास्तच, खेळाडूचा कमाल पगार या मतांना बांधलेला आहे. ऑल-एनबीए संघात नाव आलं तर संघाच्या पगार मर्यादेतला तुमचा वाटा पाच टक्क्यांनी वाढू शकतो. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. २०२१मध्ये बॉस्टनच्या जेसन टेटमचं नाव आलं नाही आणि त्याचे पाच वर्षांचे मिळून सुमारे ३.२ कोटी डॉलर गेले. आपल्या हिशेबात दोनशे कोटींच्या वर. कुणी ठरवलं? शंभर पत्रकारांनी, आपलं नेहमीचं काम सांभाळून.

त्यावर कडी म्हणजे २०२३-२४पासून आलेला ६५ सामन्यांचा नियम. ६५ सामने खेळला नाहीत तर एमव्हीपी आणि ऑल-एनबीएसाठी नावच धरणार नाही. हेतू चांगला: तिकीट काढून आलेल्या माणसाला स्टार खेळाडू सुटाबुटात बाकावर बसलेला दिसू नये. पण त्याच वर्षी इंडियानाचा टायरिस हॅलिबर्टन जानेवारीत मांडीचा स्नायू दुखावून बसला. त्याच्या करारात सुमारे ४ कोटी डॉलर ऑल-एनबीएवर टांगलेले होते. तो परत आला, ६९ सामने खेळला, नाव आलं, पैसे मिळाले. नियमाबद्दलची नाराजीही त्याने उघड बोलून दाखवली. मांडी दुखत असताना माणूस मैदानात उतरायचं की नाही हे कशावरून ठरवत असेल, याचा विचार करा. तापात लॉग-इन केलेल्या सगळ्यांना हे समजेल.

शिवाय नियम लागतो कशाला? मतदार स्वतःच हा हिशेब करत होते. २०१७चाच रूकी ऑफ द इयर बघा. जोएल एम्बीड २०.२च्या सरासरीने खेळला, पण ३१च सामने. मतदारांनी त्याला तिसरा ठेवला आणि ७५ सामने खेळणाऱ्या, १०.२ सरासरीच्या माल्कम ब्रॉग्डनला निवडलं. कुणाला पटलं, कुणाला नाही, पण डोकं वापरून ठरवलं. उलट १९७८मध्ये बिल वॉल्टन फक्त ५८ सामने खेळून एमव्हीपी झाला होता. आजच्या नियमात त्याचं नावही कागदावर आलं नसतं. माझं मत विचाराल तर: पगार मतांपासून तोडा, नियम काढून टाका. आणि मग खुशाल भांडा. भांडायला ना नाही.

आता रूममेटकडे परत येतो, कारण खरी पंचाईत पुढे आहे.

मे २०२५मध्ये एमव्हीपी जाहीर झाला. ओक्लाहोमाचा (हो, तीच ओक्लाहोमा) शे गिलजस-अलेक्झांडर, ३२.७ पॉइंट, संघाचे ६८ विजय, आणि सरासरी गुणफरक लीगच्या इतिहासात सर्वात मोठा. दुसरा डेन्व्हरचा निकोला योकिच, २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. सरासरी ट्रिपल-डबल. रॉबर्टसन आणि वेस्टब्रुकनंतरचा तिसराच माणूस, आणि पहिलाच सेंटर. डेन्व्हरचे विजय ५०. पहिल्या नंबरची मतं ७१ विरुद्ध २९. कहर म्हणजे त्या मोसमात योकिचच्या शेजारी बाकावर कोण होतं? वेस्टब्रुक. आणि २०१७च्या त्या रात्री ३६ फुटांवरून हरलेल्या डेन्व्हरच्या संघात कोण होतं? बावीस वर्षांचा योकिच.

मी शेच्या बाजूने. सुधारलोय ना मी. विजय बघा, आकड्यांना भुलू नका, वगैरे. रूममेटला फोन केला (तो आता बंगळुरूला असतो, मुलगी झालीय), म्हटलं, तुझंच म्हणणं बरोबर होतं बाबा, २०१७ला हार्डनच.

तर हा पठ्ठ्या म्हणतो, "ते सोड, पण या वर्षी योकिचच पाहिजे होता. तो बसला की डेन्व्हर कोसळते, बघितलं नाहीस का?"

च्यायला! हे तर माझं वाक्य. आठ वर्षांपूर्वीचं, शब्दन् शब्द. मी त्याला त्याचंच ऐकवलं: अठरा विजयांचा फरक आहे, राजा. त्याने मला माझंच ऐकवलं: शेला ताफा दिलाय, योकिचला काय दिलंय. अर्धा तास आम्ही एकमेकांचे जुने मुद्दे एकमेकांना मारत होतो. शेवटी तो म्हणाला, "तू स्वतःची जुनी चूक योकिचकडून वसूल करतोयस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर योकिचचे रिबाउंड कुणी सोडलेले नसतात, तो स्वतः खाली उभा राहून घेतो. त्याचे पास असे असतात की घेणाऱ्यालाही आधी कळत नाही. वेस्टब्रुकच्या आणि त्याच्या ट्रिपल-डबलला एकच शब्द वापरणं हा भाषेचा दोष आहे. आणि दुसऱ्या फेरीत त्याच ६८ विजयवाल्या ओक्लाहोमाला डेन्व्हरने सात सामन्यांपर्यंत खेचलं. तरीही माझं मत शेलाच. अगदी थोडक्याने, ५५-४५ म्हणा. सकाळी विचाराल तर ६०-४०.

फोन ठेवताना तो म्हणाला, "२०१७चं मान्य केलंस ना? मग ती मिसळ परत कर."

मी म्हटलं, मत बदललंय, निकाल नाही बदललेला. वेस्टब्रुकच्या घरातला चषक कुणी परत मागायला गेलंय का? पण गणपतीत तो पुण्याला येतोय, आणि मला माहीत आहे, पैसे मीच देणार आहे. एक्स्ट्रा पाव मात्र त्याच्याकडून.